दादा व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला आहे. आता घरच्यांनी नेमके काय करायचे?

धाकटी, कृष्णाकाठ

नमस्कार. माझा थोरला भाऊ व्यसनमुक्ती केंद्रात ३५ दिवस राहून जूनच्या अखेरीस घरी आला, त्याला आज २३ दिवस झाले. त्याचे वय ४१ असून आमच्या भागातल्या एका साखर कारखान्यात तो फिटर आहे. घरात आई, वहिनी, दोन मुले आणि मी असे राहतो. सोळा वर्षे तो पीत होता आणि शेवटची तीन वर्षे तर सकाळी उतारा घेतल्याखेरीज त्याला दाढीचे ब्लेड हातात धरता येत नसे. आता तो पीत नाही, वेळेवर कामावर जातो, रात्री मुलीच्या गणिताच्या वहीत लक्ष घालतो. हे पाहून घरात आनंद असायला हवा, पण आम्ही सगळेच जीव मुठीत धरून वावरतो आहोत.

निघताना केंद्राने आम्हाला गोळ्यांची चिठ्ठी, महिन्यातून एकदा दाखवायला येण्याची तारीख आणि जिल्ह्याच्या ठिकाणी दर शनिवारी संध्याकाळी भरणाऱ्या, दारू सोडलेल्यांच्या गटाचा पत्ता दिला. घरच्यांशी पंधरा मिनिटे बोलणे झाले, तेही दादासमोर, त्यामुळे वहिनीला जे विचारायचे होते ते तसेच राहिले. गट सुटेपर्यंत आमच्या गावाकडची शेवटची एस.टी. निघून गेलेली असते, म्हणून तो तिथे एकदाच जाऊ शकला आहे.

तो कामावरून आला की वहिनी डब्याची पिशवी घेण्याच्या निमित्ताने त्याच्या तोंडाजवळ जाते आणि वास घेते. त्याला ते कळत होते, पण तो बोलत नव्हता. गेल्या सोमवारी तो उंबऱ्यातच थांबला आणि म्हणाला, ‘आधी वास घे, मग चप्पल काढतो.’ वहिनी आत जाऊन रडली आणि तो जेवला नाही. दुसरी गोष्ट मला परवाच समजली. दारू प्यायल्यास त्रास होतो ती गोळी घ्यायला दादाने केंद्रात नकार दिला होता. वहिनीच्या माहेरच्या एका नातेवाइकाने ती आणून दिली आणि ती चमच्याच्या पाठीने चिरडून वहिनी सकाळच्या चहातून त्याला देते आहे. कपाच्या तळाशी पांढरा साका राहिलेला मी पाहिला, म्हणून विचारले, तेव्हा तिने सांगितले.

पुढच्या आठवड्यात आषाढी अमावस्या आहे. गटारीला कारखान्यातले त्याचे मित्र दरवर्षी मळ्यात जमतात. त्याला घरात अडवून ठेवायचे का, त्याच्या पगाराचे कार्ड वहिनीकडे ठेवायचे का, आणि गोळीचे काय करायचे, हे मला कळत नाही. ज्यांच्या घरात हे घडून गेले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

चालती वाट

ताई, येत्या मार्गशीर्षात मला दारू सोडून नऊ वर्षे होतील. आधी एक सांगतो. केंद्रातले ३५ दिवस त्या मानाने सोपे असतात. तिथे बाटली नसते, पगार नसतो, मेहुण्याचे लग्न नसते आणि तुमच्याकडे संशयाने पाहणारे डोळे नसतात. मी पहिल्यांदा केंद्रातून आलो तेव्हा सगळ्यांना पेढे वाटले आणि ४७व्या दिवशी चुलतभावाच्या साखरपुड्यात प्यायलो. त्या दिवशी मला कसलेही दुःख नव्हते. मी खुशीत होतो, आता आपल्याला काही होत नाही अशी माझी खात्री झाली होती, आणि मी शनिवारच्या मीटिंगा सलग तीन आठवडे चुकवल्या होत्या. पेला हाती घेण्याच्या कितीतरी आधी माझी घसरण सुरू झाली होती, हे मला फार नंतर उमगले.

दुसऱ्या खेपेस मी एकच गोष्ट वेगळी केली. प्यावेसे वाटल्यावर, पण पिण्याआधी, फोन करायला शिकलो. हे ऐकायला साधे वाटेल, म्हणून त्यामागची हकिकत सांगतो. १९३५ साली न्यूयॉर्कचा बिल विल्सन हा शेअर दलाल कामासाठी ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी गेला होता. त्याने काही महिन्यांपूर्वीच दारू सोडली होती. काम फसले आणि हॉटेलात एकटा उभा असताना त्याला बारमधला गलका ऐकू येऊ लागला. त्याने त्या गावातल्या धर्मोपदेशकांना फोन लावले आणि दारूशी झगडणाऱ्या एखाद्या माणसाची गाठ घालून द्या, अशी विनंती केली. त्यातून त्याची आणि डॉक्टर बॉब स्मिथ या शल्यविशारदाची भेट झाली आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेची सुरुवात झाली. त्या संध्याकाळी बिलला उपदेश करणारा माणूस नको होता, आपल्यासारखाच पिऊन पोळलेला माणूस हवा होता. तुमच्या दादाला नेमका तोच हवा आहे, आणि तुम्ही कितीही जीव लावला तरी बहीण किंवा बायको ती जागा घेऊ शकत नाही. त्यात तुमचे काही कमी पडत नाही.

म्हणून शनिवारच्या एस.टी.चा प्रश्न हा तुमच्या पत्रातला सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे असे मला वाटते. गटाच्या सेवकांना फोन करून अडचण सांगा. आमच्या गटात तीन जण बाहेरगावचे आहेत आणि त्यांना कोणी ना कोणी मोटारसायकलवरून घरापर्यंत सोडते. परत सोडणाऱ्यालाही त्या वाटेवरच्या बोलण्याचा तितकाच उपयोग होतो. जिथे जाणे अगदीच शक्य नसते तिथे मोबाइलवर भरणाऱ्या मराठी मीटिंगाही असतात, पण पहिले काही महिने माणसासमोर माणूस बसलेला बरा. पहिल्या ९० दिवसांत ९० मीटिंगा कराव्यात असे आमच्यात म्हणतात. खेड्यात ते जमत नाही, पण रोज एक फोन जमतो.

कार्डाबद्दल माझा अनुभव सांगतो. पहिल्या वेळी बायकोने माझे कार्ड काढून घेतले होते, तेव्हा मी उसने घेऊन प्यायलो. दुसऱ्या वेळी मी स्वतः तिच्या हातात दिले, सहा महिन्यांसाठी, आणि रोजच्या खर्चाला किती पैसे घ्यायचे ते दोघांनी मिळून ठरवले. मुदत संपली त्या दिवशी तिने न मागता कार्ड परत दिले. कार्ड तेच होते आणि कपाटही तेच होते, पण पहिल्या वेळी मी कैदी होतो.

गटारीला त्याला कोंडू नका. त्या दिवशी संध्याकाळी साडेपाच ते नऊ या वेळात तो कुठे असेल, कोणाबरोबर असेल आणि काय खाईल, हे त्यालाच ठरवू द्या आणि ते आधी ठरवा. उपाशीपोटी, रागात, एकटे किंवा थकलेले असताना ओढ सर्वांत जास्त लागते. आमचा गट अमावस्येच्या रात्री मुद्दाम मीटिंग ठेवतो आणि नंतर भजी तळतो.

एक मुलगा

माझ्या वडिलांना आईने तीन वर्षे अशीच गोळी कणकेतून दिली आणि त्यांची दारू सुटली. ते गेले तोपर्यंत त्यांना हे कळले नाही. वास घेणे, खिसे तपासणे हे प्रेमापोटीच होते. नियमांची चर्चा करायला आमच्याकडे सवड नव्हती, घरात भांडी विकली जात होती. तुमच्या वहिनी चुकत आहेत असे मला वाटत नाही.

मनोवैद्य

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि २१ वर्षे व्यसनाधीन रुग्णांसोबत काम करतो आहे. वरच्या मित्राच्या आईबद्दल मला आदरच वाटतो. पर्यायच दिसत नसताना घराने जे हाताशी आले ते केले. तरीही ताई, चहातून गोळी देणे आजच थांबवा. हे मी स्पष्टपणे लिहितो, कारण यात जिवाला धोका आहे.

ही गोळी म्हणजे बहुधा डायसल्फिराम. दारूचे शरीरात विघटन होताना ॲसिटाल्डिहाइड नावाचा विषारी पदार्थ तयार होतो आणि यकृत त्याचा निचरा करते. ही गोळी तो निचरा अडवते. त्यामुळे प्यायल्यानंतर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, डोके ठणकते, उलट्या होतात, छाती धडधडते आणि रक्तदाब घसरू शकतो. हृदयविकार किंवा यकृताचा आजार असलेल्या माणसाच्या ते जिवावर बेतू शकते. म्हणूनच गोळी सुरू करण्याआधी तपासण्या करतात, रुग्णाची संमती घेतात आणि काय टाळायचे ते त्याला समजावून सांगतात. तुमच्या दादाला गोळीचा पत्ताच नाही, त्यामुळे खोकला झाल्यावर तो मद्यार्क असलेले औषध घेईल, किंवा अशक्तपणा आला म्हणून आई त्याला द्राक्षासव वा दशमूलारिष्ट देईल. आसव-अरिष्टांत आंबवण्याच्या क्रियेतून मद्यार्क तयार झालेलाच असतो, हे बऱ्याच घरांत लक्षात घेतले जात नाही. शेवटची गोळी घेतल्यानंतरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, म्हणजे गोळी आज थांबवली तरी तुमची गटारी त्या मुदतीत येते. यासाठी त्याला ही गोष्ट सांगणे आवश्यक आहे. सांगताना केंद्रातले समुपदेशक किंवा डॉक्टर सोबत असले तर उत्तम, पण त्यांची वाट पाहत अमावस्या उलटू देऊ नका.

दुसरा मुद्दा असा की या गोळीचा उपयोग तिच्या माहितीतून होतो. आज आपण गोळी घेतली आहे, तेव्हा आज प्यायचा प्रश्नच नाही, असा तो सकाळी एकदाच घेतलेला निर्णय असतो, आणि दिवसभर मनाशी झगडण्यापासून तो माणसाला सोडवतो. नकळत दिली तर हा भाग उरतच नाही. दादाला ती नको असेल तर ओढ कमी करणारी वेगळी औषधेही आहेत. नॅल्ट्रेक्सोन देण्याआधी यकृताकडे पाहावे लागते आणि अकॅम्प्रोसेट देण्याआधी मूत्रपिंडाकडे. महिन्याच्या भेटीत हा विषय त्याने स्वतः काढावा, असे त्याला सुचवा.

त्याची झोप कशी आहे ते तुम्ही लिहिलेले नाही. दारू सुटल्यावर कित्येक महिने झोप तुटक लागते, चिडचिड होते, कधीकधी सगळे बेचव वाटते. घरच्यांना वाटते की हा पुन्हा पिण्याच्या वाटेवर आहे, आणि त्याला वाटते की न पिताही सुख नाही. मेंदू सावरायला वेळ घेतो, हे दोघांनाही माहीत असले की निम्मी भांडणे टळतात. मात्र झोपेच्या गोळ्या परस्पर औषधाच्या दुकानातून आणू नका, कारण त्यांचेही व्यसन लागते.

तो एखाद्या दिवशी प्यायलाच तर काय करायचे, हे तो शुद्धीत आणि शांत असताना आताच ठरवून ठेवा. ॲलन मार्लाट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने यावर मोलाचे काम केले आहे. एकदा घसरल्यावर माणूस ‘गेले, सगळे मुसळ केरात’ असे मनाशी म्हणतो आणि त्या अपराधभावातूनच पुढच्या बाटल्या येतात, असे त्याचे निरीक्षण होते. म्हणून प्यायलेल्या रात्री वाद घालू नये. दुसऱ्या दिवशी फोन, भेट, मीटिंग, याच क्रमाने हालचाल करावी. पण तो सलग काही दिवस प्यायला आणि मग एकदम थांबला, तर मात्र त्याला घरी ठेवू नका. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि त्यानंतर भ्रम होऊ शकतो. ती रुग्णालयाची वेळ असते.

२०१९ साली केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने आणि दिल्लीच्या एम्सने देशभराच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणत्या ना कोणत्या प्रकारचे उपचार मिळतात. तुमचा दादा त्या एकात आहे. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभाग असतो, आणि मध्येच गरज पडली तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा किंवा १४४४६ हा व्यसनमुक्तीचा क्रमांक घरच्यांनाही लावता येतो. तो रुग्णाने स्वतःच लावावा अशी अट नाही.

ओसरी

ताई, मी तुमच्या वहिनीसाठी लिहिते आहे. शक्य असेल तर हे तिला वाचून दाखवा.

मी चार वर्षे वास घेतला. नवरा झोपला की त्याच्या शर्टाला नाक लावायचे, गाडीच्या डिकीत टॉर्च मारायचे. ज्या दिवशी काही सापडत नसे त्या दिवशी मला सुटल्यासारखे वाटायला हवे होते, पण वाटत असे की आज त्याने नीट लपवले आहे. त्याने दारू सोडल्यावरही माझे नाक सुटले नाही. मी वास घेतल्यामुळे तो एकदाही थांबला नाही, पण आम्ही दोघे नवराबायकोऐवजी पोलीस आणि चोर होऊन बसलो.

पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात, जे डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने १९८६ साली सुरू केले, व्यसनी माणसांच्या बायकांसाठी सहचरी नावाचा गट आहे. मी पहिल्यांदा तिथे गेले ती नवऱ्याला कसे सुधारावे हे विचारायला. तिथे एका बाईंनी मला विचारले, ‘तुम्ही शेवटचे पोटभर जेवून शांत कधी झोपलात?’ मला उत्तर देता आले नाही. बिल विल्सनची पत्नी लोइस हिनेही १९५१ साली घरच्यांसाठी अल-ॲनॉन सुरू केले, ते याच गरजेतून. तिथे शिकवतात की हा आजार मी निर्माण केला नाही, मी त्याच्यावर ताबा ठेवू शकत नाही आणि मी तो बरा करू शकत नाही. हे पाठ व्हायला एक दिवस पुरतो, पण रात्री साडेनऊला तो अजून आलेला नसताना ते आठवायला मला दोन वर्षे लागली.

मी काय बंद केले ते सांगते. त्याच्या साहेबांना ‘ताप आहे’ असे खोटे सांगणे बंद केले. त्याची उसनवारी फेडणे बंद केले. आणि वास घेण्याऐवजी रोज संध्याकाळी चहा घेताना तो एक वाक्य स्वतःहून सांगेल असे ठरवले: आजचा दिवस कसा गेला आणि ओढ लागली होती का. मी त्यावर उपदेश करायचा नाही, डोळे मोठे करायचे नाहीत, ही माझी बाजू होती. पहिले दोन आठवडे तो ‘ठीक’ एवढेच म्हणायचा. मग एका गुरुवारी त्याने सांगितले की परमिट रूमसमोर गाडी थांबवून तो पाच मिनिटे उभा होता आणि मग घरी आला. मी नुसता चहा ओतला. माझा हात थरथरत होता, पण मी काही बोलले नाही.

अजून एक गोष्ट सांगते, जी कोणी बोलत नाही. त्याच्या दारूमुक्तीच्या पहिल्या वाढदिवसाला गटात टाळ्या वाजल्या, हार घातले, आणि मला इतका राग आला की मी बाहेर जाऊन उभी राहिले. माझी तेरा वर्षे कोणी मोजली नव्हती. हा राग वहिनीलाही येईल. तो आला म्हणून ती वाईट ठरत नाही, पण तो बोलून मोकळे व्हायला तिला नवऱ्याखेरीज दुसरी माणसे हवीत. साताऱ्याच्या परिवर्तनसारख्या केंद्रांत कुटुंबीयांशीही बोलतात. तिला एकदा तरी दादाशिवाय कोणाकडे तरी घेऊन जा, म्हणजे केंद्रात जे विचारायचे राहिले ते तिला विचारता येईल.

धाकटी, कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला अडीच आठवडे लागले.

गोळी त्याच दिवशी थांबवली. दुसऱ्या दिवशी मी केंद्रातल्या समुपदेशकांना फोन केला आणि त्यांच्या सांगण्यावरून वहिनीने स्वतः दादाला सगळे सांगितले. आम्ही फोन चालू ठेवला होता. दादा काही न बोलता उठला आणि गच्चीवर गेला. दोन तास कोणीही वर गेले नाही, आणि ती वेळ माझ्या आयुष्यातली सर्वांत अवघड होती. खाली आल्यावर तो वहिनीला म्हणाला, ‘मला विचारलं असतंस तर मी नाहीच म्हणालो असतो, हेही खरं आहे.’ तिने सगळ्या गोळ्या त्याच्या हातात दिल्या. महिन्याच्या भेटीला दोघे गेले, रक्ताच्या तपासण्या झाल्या, आणि आता डॉक्टरांनी सुरू केलेले वेगळे औषध तो स्वतः घेतो.

अमावस्येच्या रात्री तो कोल्हापूरला मामाकडे गेला. कारखान्यातल्या मित्रांना त्याने स्वतः सांगितले की मी येणार नाही. दोघे हसले आणि एकाने दुसऱ्या दिवशी हळूच केंद्राचा पत्ता विचारला.

पोलीस आणि चोर हे वाचून दाखवले तेव्हा वहिनी बराच वेळ गप्प होती. आता तो आल्यावर पिशवी मुलगी घेते. संध्याकाळच्या चहाचे वाक्य सुरू झाले आहे. अजून ‘ठीक’ याच्या पुढे गेलेले नाही.

कार्डाबद्दल त्यांचे अजून ठरलेले नाही आणि मी त्यात पडत नाही. मला काळजी आहे ती पुढची. गळीत हंगाम सुरू झाला की पाळ्या लागतील. रात्रपाळीवरून तो पहाटे सुटेल तेव्हा रस्त्यात कोणी ओळखीचे नसेल आणि शनिवारची मीटिंग पुन्हा चुकेल. तेव्हा काय करावे?

चालती वाट

हंगामाला अजून वेळ आहे, तोवर त्याच्या फोनमध्ये निदान पाच जणांचे क्रमांक असे हवेत की ज्यांना पहाटे फोन केला तर राग येणार नाही. मी त्यातला एक होईन. आमच्या गटातले एक काका दुसऱ्या कारखान्यात बॉयलरवर होते आणि त्यांनी अकरा हंगाम न पिता काढले. पाळी सुटल्यावर ते आधी पोटभर न्याहारी करत आणि मगच गाडीला किल्ली लावत. पाळीमुळे शनिवार हुकला तर ते रविवारी दुपारी दुसऱ्या गावच्या गटात जात. दादाची त्यांच्याशी गाठ घालून देतो.

तुम्हाला खासगी निरोपात माझा क्रमांक पाठवला आहे. तो दादाला द्या, पण त्याच्या वतीने तुम्ही फोन करू नका. त्याने केला तर या शनिवारी पाच वाजता मी तुमच्या एस.टी. स्टँडवर गाडी घेऊन येतो, आणि रात्री परतही सोडतो.